विशेष प्रदर्शन, गर्दी आणि प्रेक्षक : पुण्यातील मंडई परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

संग्रहालय ही समाजाच्या स्मृतीची जोपासना करणारी संस्था होय. एरवी शांत असणाऱ्या या वास्तूत विशेष प्रदर्शन भरले की रांगा लागतात, दालने तुडुंब भरतात आणि ज्या वस्तूसाठी प्रेक्षक आलेला असतो, तिच्यासमोर त्याला क्षणभरही उभे राहता येत नाही. ही गर्दी संग्रहालयाचे यश मानावी की मर्यादा, असा प्रश्न त्यातून निर्माण होतो. महाविद्यालयीन अध्यापकाला विद्यार्थ्यांची सहल अशाच प्रसंगी न्यावी लागत असल्याने हा प्रश्न त्याच्याही दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात पुण्यातील मंडई परिसराच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मंडई आणि संग्रहालय : एक जुने नाते

अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेल्या आठ भुजा असे वैशिष्ट्यपूर्ण रूप लाभलेली मंडईची वास्तू १८८६ मध्ये खुली झाली. तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ती 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाई. १८९० मध्ये स्थापन झालेले औद्योगिक संग्रहालयही पुढे रे यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले आणि आरंभीच्या काळात ते याच वास्तूत होते. देशी कारागिरी व उद्योग यांची ओळख सर्वसामान्यांना व्हावी, हा त्यामागील हेतू होता. म्हणजेच भाजी घ्यायला आलेल्या माणसाच्या वाटेवरच ज्ञानाचे दालन उघडण्यात आले होते. आज हे संग्रहालय घोले रस्त्यावर असून मंडईप्रमाणेच त्यालाही महात्मा फुले यांचे नाव आहे.

नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी मंडईच्या इमारतीवरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची भूमिका होती. सार्वजनिक पैसा देखाव्यासाठी की शिक्षणासाठी, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न आजच्या विशेष प्रदर्शनांनाही तितकाच लागू पडतो.

मंडईपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणारे डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा नित्याच्या वापरातील वस्तू जमविल्या. अकाली निधन पावलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेला हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू असून प्रदर्शित वस्तूंची संख्या सुमारे अडीच हजार आहे. बहुतांश संग्रह भांडारात राहतो, ही जगातील बहुतेक संग्रहालयांची स्थिती आहे. भांडारातील वस्तू एखाद्या सूत्राने निवडून बाहेर काढणे, हा विशेष प्रदर्शनाचा पहिला व सर्वांत स्वस्त प्रकार होय. दुसरा प्रकार म्हणजे अन्य संस्थेकडून वस्तू काही काळासाठी मागवून घेणे. गर्दी मुख्यतः या दुसऱ्या प्रकारास होते.

गर्दी का होते ?

कायमस्वरूपी दालन 'केव्हाही पाहता येईल' या भावनेने पाहायचेच राहून जाते. मुदतीचे प्रदर्शन मात्र 'आता नाही तर कधीच नाही' अशी निकड निर्माण करते. १९७२ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भरलेल्या तुतनखामेन प्रदर्शनास सोळा लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण म्हणजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तीन वर्षांच्या मुदतीने आणलेली वाघनखे. जुलै २०२४ मध्ये ती प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात मांडण्यात आली.

येथे आणखी एक सांस्कृतिक घटक विचारात घ्यावा लागतो. मंडईच्या शारदा गजाननासमोर गणेशोत्सवात लोटणारा समुदाय दर्शनासाठी आलेला असतो. दर्शन क्षणाचे असले तरी ते पूर्ण असते. त्यासाठी माहितीफलक वाचावा लागत नाही. हीच सवय प्रेक्षक संग्रहालयात घेऊन येतो. त्यात अनादर नसून उलट भक्तीच आहे. तथापि संग्रहालयातील वस्तू दर्शनाबरोबरच निरीक्षणाचीही अपेक्षा करते. उपरोक्त वाघनखे साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाकडे आली. मात्र अफझलखानाच्या वधप्रसंगी वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा करणे शक्य नाही, असे ते संग्रहालय स्वतःच नमूद करते. परंपरा आणि पुरावा यांतील हा फरक विद्यार्थ्याने समजून घेणे, हेच अशा भेटीचे खरे शैक्षणिक फलित ठरते. रांगेत पुढे ढकलल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून नेमके तेच निसटते.

गर्दीचे परिणाम

गर्दीचा परिणाम वस्तू व प्रेक्षक या दोहोंवर होतो. प्रत्येक माणसाचे शरीर उष्णता व बाष्प बाहेर टाकते. बंद दालनात शेकडो माणसे एकत्र आली की तापमान व आर्द्रता यांत चढउतार होतात. त्यामुळे लाकूड, कागद व कापड आकुंचन-प्रसरण पावते. कापड, कागद व जलरंगातील चित्रे यांच्यासाठी प्रकाश साधारणपणे ५० लक्सपर्यंत मर्यादित ठेवण्याचा प्रघात आहे. दालनातील अंधूकपणा हा हलगर्जीपणा नसून संरक्षण आहे, हे प्रेक्षकास सांगणे आवश्यक ठरते.

प्रेक्षकाची पाहण्याची क्षमताही मर्यादित असते. 'संग्रहालयीन थकवा' ही संकल्पना बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये मांडली. वाकून, मान वळवून पाहावे लागणारी मांडणी प्रेक्षकास लवकर थकविते, असे त्यांनी छायाचित्रांच्या आधारे दाखविले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील एका अभ्यासात (२००१) एका कलाकृतीसमोर प्रेक्षक सरासरी २७ सेकंद थांबतो, असे आढळले. मध्यमूल्य तर अवघे १७ सेकंद होते. हा वेळ फलक वाचण्यासह आहे. गर्दीत तोही पुरता मिळत नाही.

काही उपाय

वेळ नेमून दिलेली तिकिटे, मोठ्या अक्षरांत व उंचावर लावलेले मराठी फलक आणि मुख्य वस्तूभोवती मोकळी जागा हे उपाय संग्रहालयांना योजता येतात. अध्यापकांच्या हातीही बरेच काही आहे. भेटीपूर्वी वर्गात अर्धा तास चर्चा घ्यावी. पन्नास विद्यार्थ्यांचा एकच जथा न नेता पाच गट करावेत. प्रत्येक गटास एकच वस्तू नेमून द्यावी व तिचे रेखाटन किंवा वर्णन करण्यास सांगावे. मुख्य वस्तूपाशी गर्दी असेल तेव्हा शेजारच्या रिकाम्या दालनातून आरंभ करावा. २०२४ मध्ये मंडई येथे मेट्रो स्थानक सुरू झाल्याने उपनगरांतील महाविद्यालयांनाही सुटीचा दिवस टाळून केळकर संग्रहालयात येणे सुकर झाले आहे.

समारोप

विशेष प्रदर्शनातील गर्दी ही समाजाला आपल्या वारशाविषयी ओढ असल्याची खूण आहे. तिचा तिरस्कार करणे योग्य नव्हे. मात्र त्या ओढीचे ज्ञानात रूपांतर आपोआप होत नाही. फुले यांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच शोधावे लागेल. प्रदर्शनावरील खर्चाचे समर्थन तिकिटांच्या संख्येने होणार नाही. प्रेक्षक बाहेर पडताना काय समजून घेऊन गेला, यावरूनच ते ठरेल. अडकित्त्याच्या एका नमुन्यासमोर दहा मिनिटे थांबलेला विद्यार्थी प्रसिद्ध वस्तूसमोरून पुढे सरकलेल्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक काही घेऊन जातो. रांग ओसरल्यावर तोच पुन्हा एकदा त्या दालनात येण्याची शक्यताही अधिक असते.