शिसेविरहित डाख : जोडणे आणि उकलणे

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर तापलेल्या भांड्यात प्रथम नवसागराची पूड टाकीत असे आणि मगच कथील फिरवीत असे. धातूचा पृष्ठभाग स्वच्छ झाल्याखेरीज कथील धरत नाही, हे त्याला पिढीजात अनुभवाने ठाऊक होते. रेडिओ, चतुर्थीच्या आरासीतील दिव्यांच्या माळा किंवा शाळेतील लहानसहान उपकरणे यांच्या जोडांना जो डाख दिला जातो, त्यामागील तत्त्वही हेच होय. येथे नवसागराऐवजी राळ असते व तिला फ्लक्स म्हणतात. (नवसागर किंवा पत्राकामातील आम्लयुक्त द्रव येथे मुळीच वापरू नये, त्याने तारा कालांतराने गंजतात.) डाखात कथलाच्या जोडीला दुसरा धातू असतो. अनेक दशके तो धातू शिसे हा होता. आता कारखान्यांत त्याची जागा बव्हंशी चांदी व तांबे यांनी घेतली आहे आणि त्यामुळे हौशी कारागिराचे जुने कसब काहीसे अपुरे पडू लागले आहे.

शिसे शरीरात साचत जाते व लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस विशेष अपाय करते. रक्तातील शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले. भारतात २०११ च्या ई-कचरा नियमांनी, जे १ मे २०१२ पासून अंमलात आले, शिशाची मर्यादा ०.१ टक्का ठरविली; १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही अशा धातूंवरील निर्बंध आहेत. या नियमांचा रोख उत्पादकांवर आहे. घरी हौसेने काम करणाऱ्यास शिसेयुक्त डाख दुकानातून आजही मिळतो. तथापि सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ नंतर सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसारख्या ठिकाणी, जेथे मुलांचे हात डाखाला लागतात, तेथे शिसेविरहित डाखच ठेवणे इष्ट होय.

या बाबतीत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. काम करताना निघणारा धूर शिशाचा असतो, असे समजले जाते. वस्तुतः नेहमीच्या ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास शिशाची वाफ जवळजवळ होतच नाही. शिसे पोटात जाते ते बोटांवाटे, न धुतलेल्या हाताने खाल्लेल्या घासाबरोबर. धूर असतो तो राळेचा, आणि त्याने दम्याचा विकार जडू शकतो. शिसेविरहित डाखाला उष्णता अधिक लागते व त्यातील फ्लक्सही बहुधा अधिक तीव्र असतो. म्हणजे शिसे गेले तरी धूर राहिलाच. खिडकी उघडी ठेवणे व धूर तोंडासमोरून दूर नेणारा लहान पंखा लावणे दोन्ही प्रकारांत आवश्यक आहे.

६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचा डाख १८३ अंशांवर एकदम वितळतो. ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी व ०.५ टक्के तांबे असलेला प्रचलित शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांवर वितळू लागतो. फरक चौतीस अंशांचा दिसतो, परंतु हाताला तो बराच जाणवतो. डाख सावकाश पसरतो आणि जोड थंड झाल्यावर किंचित मंद, खरखरीत दिसतो. ‘चकचकीत तोच जोड चांगला’ ही जुनी शिकवण येथे लागू पडत नाही. डाख तारेला व तांब्याच्या टिकलीला बिलगून, उतरत्या बाकाने पसरला आहे की गोळी होऊन बसला आहे, एवढेच पाहावे.

अवजाराचे टोक टोकदार घेण्यापेक्षा छिन्नीसारखे रुंद घ्यावे. उष्णता लवकर पोचते. पूर्वी तांब्याचे टोक झिजले की कानशीने घासण्याचा प्रघात होता. आजच्या टोकांवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो व कानस लागताच ते टोक निकामी होते. ते पितळी तारेच्या चोथ्यात पुसावे व काम संपताना त्यावर डाखाचा थर राहू द्यावा.

खरी कसोटी लागते ती जोड उकलताना. घाईने ओढलेला एक पाय तांब्याची टिकली उपटून काढतो आणि सर्किट बोर्ड वाया जाऊ शकतो. जुना शिसेविरहित जोड वितळत नसेल तर उष्णता वाढवीत जाण्यापेक्षा त्यावर थोडा फ्लक्स व ताजा डाख द्यावा. हे उफराटे वाटले तरी नव्या डाखाने उष्णता आत पोचते. मोठ्या माणसांच्या कामात त्यासाठी शिसेयुक्त डाख वापरल्यास मिश्रण कमी उष्णतेवर वितळते, पण तो बोर्ड यापुढे शिसेयुक्त समजावा व तशी खूण करावी. बिस्मथयुक्त, सुमारे १३८ अंशांवर वितळणारा डाखही मिळतो. मात्र त्यात शिसे मिसळल्यास सुमारे ९६ अंशांवरच मऊ होणारे मिश्रण तयार होऊ शकते. म्हणून नवा भाग बसविण्यापूर्वी तो पूर्णपणे पुसून काढावा.

वितळलेला डाख स्प्रिंगच्या पंपाने ओढता येतो. पंपाचा झटका टिकलीवर बसू देऊ नये. तांब्याची विणलेली फीत वापरताना फीत व तापते टोक एकदमच उचलावे. फीत थंड होऊन चिकटली आणि ओढली, की टिकली गेली. अनेक पायांचा भाग बिघडलेलाच असेल, तर त्याचे पाय कात्रीने कापून एकेक काढणे सर्वांत स्वस्त व सुरक्षित; हे सुचत नाही म्हणून चांगले बोर्ड फुकट जातात.

काम होताच हात साबणाने धुवावेत. डाखाची खरड झाडून अंगणात टाकू नये, डब्यात साठवावी. जुने बोर्ड जाळून तांबे काढण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो अत्यंत घातक आहे. असे बोर्ड अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावेत.