गरुडाचं पिल्लू आणि आपण सांगत आलेल्या गोष्टी

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ मागे थांबले होते. मुलगा नववीत. लांबच्या एका वसतिगृहात ठेवलाय, आणि तो रोज फोनवर रडतो. गृहस्थ आम्हाला म्हणाले, "सर, गरुडाची आईसुद्धा पिल्लाला घरट्यातून ढकलतेच ना? तेव्हाच ते उडायला शिकतं." आम्हाला चटकन उत्तर देता आलं नाही. कारण हीच गोष्ट आम्ही स्वतः कॉलेजच्या निरोप समारंभांत वर्षानुवर्षं सांगितली, आणि टाळ्याही घेतल्या. तेव्हा आजचा विषय गरुड.

आधी शब्द तपासू. तत्त्वज्ञानाच्या माणसाची ती खोडच असते. जगात गरुड म्हणवणाऱ्या पक्ष्यांच्या साठाहून अधिक जाती आहेत, पण त्या सगळ्या एका घराण्यातल्या नाहीत. कोकण किनाऱ्यावर मासे आणि समुद्रसाप धरणारा समुद्री गरुड नात्याने घारीच्या जवळचा. सह्याद्रीच्या रानावर शीळ घालत घिरट्या मारणारा सर्पगरुड वेगळ्या शाखेचा. आणि पायाच्या बोटांपर्यंत पिसं असलेला बोनेलीचा गरुड तिसऱ्याच. म्हणजे कुणी "गरुड असं करतो" म्हणालं, की पहिला प्रश्न : कुठला गरुड?

आता ढकलण्याचं पाहू. अमेरिकेतल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या, म्हणजे बाल्ड ईगलच्या घरट्यांवर आज कॅमेरे लावलेले आहेत. कुणीही घरबसल्या पाहावं. अंडी साधारण ३५ दिवस उबवली जातात. पिल्लू १० ते १२ आठवडे घरट्यात वाढतं. शेवटच्या दिवसांत ते घरट्यातच पंख फडफडवतं, वाऱ्यावर थोडं उचललं जातं, मग शेजारच्या फांदीवर उडी मारतं, परत येतं. कधी आईबाप भक्ष्य घेऊन जवळच्या फांदीवर बसतात. ढकलत कुणी नाही. आणि उडाल्यावर? त्यानंतरही काही आठवडे पिल्लू खायला आईबापांकडेच येतं. शिकार हळूहळू जमते. तोवर पुष्कळदा मेलेल्या जनावरावर भागवावं लागतं. डोकं पूर्ण पांढरं व्हायला सुमारे पाच वर्षं लागतात.

दुसरी गोष्ट तुम्हाला मोबाइलवर आलीच असेल. चाळिसाव्या वर्षी म्हणे गरुड डोंगरावर जाऊन आपली चोच खडकावर फोडतो, नखं उपटतो आणि पुढची तीस वर्षं नव्याने जगतो. अहो, चोच फुटलेला पक्षी खाणार कसा? चोच आणि नखं आपल्या नखांसारखी सतत वाढत असतात, वापरात झिजत असतात. आणि रानातल्या बाल्ड ईगलचं नोंदलेलं विक्रमी वय ३८ वर्षं आहे! चाळिशीचा तो पेचप्रसंग यायचा कुणाला?

आता खरी गोष्ट ऐका. ती मात्र निरोप समारंभात कुणी सांगत नाही. आफ्रिकेतला व्हेरोचा गरुड बहुधा दोन अंडी घालतो, काही दिवसांच्या अंतराने. थोरलं पिल्लू धाकट्याला टोचून टोचून मारतं. झिम्बाब्वेतल्या माटोबो टेकड्यांत व्हॅलरी गार्गेट यांनी एका घरट्यातल्या टोचा मोजल्या : तीन दिवसांत १५६९. घरट्यात अन्न पडलेलं असतानाही हे घडतं, आणि आई मध्ये पडत नाही. अभ्यासक म्हणतात, दुसरं अंडं हा विमा आहे. पहिलं फुकट गेलं तर उपयोगी पडावं म्हणून.

मग यातून काय शिकायचं? थोरल्याने धाकट्याला मारावं? असं कुणी म्हणणार नाही. इथेच आपली चोरी पकडली जाते. निसर्गातून आपल्याला हवं तेवढंच आपण उचलतो. 'आहे' यावरून 'असावं' आपोआप निघत नाही, हे डेव्हिड ह्यूमने १८व्या शतकातच दाखवून दिलं. आम्ही ते वर्गात शिकवलं आणि संध्याकाळी व्यासपीठावर विसरलो.

आणखी एक सांगतो. युरोपात लेसर स्पॉटेड ईगल या गरुडाचं धाकटं पिल्लूही असंच मरतं. तिथे काही अभ्यासकांनी ते पिल्लू वेळीच काढून घेतलं, दुसरीकडे वाढवलं, आणि थोरल्याचा आक्रमकपणा ओसरल्यावर घरट्यात परत ठेवलं. आईबापांनी दोघांनाही वाढवलं. तिथे निसर्ग काय करतो हे माणसाने नीट पाहिलं. काय करायला हवं हे मात्र स्वतः ठरवलं, त्याची जबाबदारी घेऊन.

त्या गृहस्थांना आम्ही नंतर फोन केला. म्हटलं, मुलाला तिथे ठेवा किंवा घरी आणा, निर्णय तुमचा. वसतिगृहात राहून पुष्कळ मुलं चांगली घडतात. पण गरुडाची साक्ष काढू नका, ती आम्हीच खोटी दिली होती. तो रोज का रडतो, ते एकदा समोर बसून त्यालाच विचारा. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "रविवारी जातो, सर."

आता तुमचे प्रश्न घेऊ.