नाताळचे भोजन

नाताळचे भोजन : ख्रिस्तजन्माच्या सणानिमित्त ख्रिस्ती कुटुंबांत २४ डिसेंबरच्या रात्री किंवा २५ डिसेंबरच्या दुपारी घेतले जाणारे सामुदायिक भोजन. पौर्वात्य ख्रिस्ती पंथांपैकी जे जुने पंचांग पाळतात, त्यांच्याकडे हे भोजन ६ व ७ जानेवारीस होते. या सणास अमुक पदार्थ करावा, असे बायबलमध्ये कोठेही सांगितलेले नाही आणि चर्चनेही तसा पदार्थ कधी नेमून दिलेला नाही. चर्चने ठरविले ते केव्हा खाऊ नये एवढेच. उपवास सुटल्यावर काय खावे, हे मात्र ऋतू, जमीन, व्यापार आणि शेजार यांनी ठरविले. त्यामुळे सण एक असूनही त्याचे ताट देशोदेशी वेगळे दिसते.

उत्तर यूरोपात डिसेंबर हा कडाक्याच्या थंडीचा महिना. हिवाळाभर पुरेल एवढी वैरण नसल्यामुळे शेतकरी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये डुकरे व इतर जनावरे मारीत आणि बहुतेक मांस खारवून किंवा धुरावून ठेवीत. ताजे मांस भरपूर मिळण्याचा हाच काळ असल्याने नाताळच्या मेजवानीत डुकराच्या मांसाला मानाचे स्थान मिळाले. स्वीडनमध्ये मीठ लावून मुरविलेली डुकराची मांडी, तर नॉर्वेच्या पूर्व भागात डुकराच्या बरगड्या व पश्चिम भागात खारवून वाळविलेल्या मेंढीच्या बरगड्या आजही नाताळात शिजवितात. जर्मनीत हंस भाजण्याची चाल आहे. तथापि २४ तारखेच्या रात्री अनेक घरांत बटाट्याची कोशिंबीर व सॉसेज एवढाच साधा बेत असतो.

उपवास व पूर्वसंध्येचे भोजन : रोमन कॅथलिक पंथात नाताळची पूर्वसंध्या हा मांसवर्ज्य दिवस होता. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स पंथात नाताळपूर्वी चाळीस दिवस, तर इथिओपियाच्या चर्चमध्ये त्रेचाळीस दिवस मांस, दूध व अंडी वर्ज्य मानतात. जेथे पूर्वसंध्येचे जेवण मुख्य मानले गेले, तेथे मासा हाच त्याचा प्रमुख घटक झाला. पोलंडमध्ये आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर कुटुंबीय जेवणास बसतात. मेजावरील कापडाखाली गोठ्याची आठवण म्हणून थोडे वाळलेले गवत पसरतात, प्रथम एकमेकांच्या हातातील पातळ पापडीवजा भाकरीचा तुकडा मोडून घेतात आणि अनपेक्षित अतिथीसाठी एक ताट रिकामे मांडून ठेवतात. बिटाचे सार, कार्प मासा, कोबी, खसखस इत्यादींचे बारा पदार्थ करण्याची प्रथा आहे. चेक लोकांतही तळलेल्या कार्पला महत्त्व आहे. हा मासा जिवंत विकत आणून काही दिवस घरच्या न्हाणीच्या टाकीत ठेवण्याची पद्धत होती. इटलीत नेपल्सकडे ईल मासा, तर पोर्तुगालमध्ये खारवलेला कॉड मासा बटाटे व कोबीवर्गीय भाजीबरोबर उकडून खातात. फ्रान्समध्ये मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर मोठे भोजन होते व शेवटी लाकडाच्या ओंडक्याच्या आकाराचा केक वाढतात.

पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये उपवासाचे नियम शिथिल केल्यानंतर पूर्वसंध्येला मांस वर्ज्य करण्याची सार्वत्रिक सक्ती राहिली नाही. तरीही कॅथलिक देशांत त्या रात्री मासाच शिजतो. नियम गेला, पण त्याने निर्माण केलेला पदार्थ रूढी म्हणून टिकला, याचे हे उत्तम उदाहरण होय.

इंग्लंड : येथे मुख्य भोजन २५ तारखेच्या दुपारी होते. मध्ययुगात सरदारांच्या मेजावर रानडुकराचे डोके वाजतगाजत आणीत. सोळाव्या शतकात टर्की हा मूळचा मेक्सिकोतील पाळीव पक्षी इंग्लंडमध्ये आला. परंतु तो महाग असल्याने सामान्य कुटुंबे दीर्घकाळ हंसावरच समाधान मानीत. एकोणिसाव्या शतकात कामगार दर आठवड्यास थोडे पैसे भिशीत टाकून नाताळसाठी हंस मिळवीत आणि घरी भट्टी नसल्यामुळे तो भाजण्यास पाववाल्याकडे देत. चार्ल्स डिकिन्झच्या ए ख्रिसमस कॅरल (१८४३) या कथेतील गरीब कारकुनाच्या घरी हंसच शिजतो, तर पश्चात्ताप झालेला धनिक त्याच्याकडे टर्की पाठवितो. त्या काळी या दोन पक्ष्यांत किती सामाजिक अंतर होते, ते यावरून कळते. टर्की बहुसंख्य घरांत पोहोचली ती विसाव्या शतकात.

मनुका, बेदाणे, गुराची चरबी, पावाचा चुरा, अंडी, मसाले व ब्रँडी यांचे मिश्रण कित्येक तास उकडून केलेले पुडिंग हे या भोजनाचे शेवटचे पक्वान्न. मांसाचा रस, सुकी फळे व मसाले यांच्या दाट पेजेपासून ते विकसित झाले. एलायझा ॲक्टनच्या १८४५ मधील पाकशास्त्रावरील ग्रंथात ते ‘ख्रिसमस पुडिंग’ या नावाने आढळते. आगमनकाल सुरू होण्यापूर्वीच्या रविवारी घरातील प्रत्येकाने मिश्रण ढवळावे, त्यात चांदीचे नाणे टाकावे आणि ते ज्याच्या वाट्याला येईल तो भाग्यवान समजावा, अशी रीत आहे.

सत्ता आणि स्वयंपाकघर : या भोजनावर राज्यसत्तेनेही नियंत्रण ठेवण्याचा प्रयत्न केला. नाताळच्या सणाला धर्मग्रंथात आधार नाही, या कारणाने प्युरिटनांच्या वर्चस्वाखालील इंग्लिश पार्लमेंटने १६४७ मध्ये तो रद्द केला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी कँटरबरीत दंगल झाली. १६६० मध्ये राजेशाहीची पुनःस्थापना झाल्यावर सण उघडपणे परत आला. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. याउलट, १९२७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील मालाच्या खपासाठी स्थापन झालेल्या मंडळाने राजाच्या आचाऱ्याकडून पुडिंगची कृती मिळवून तिचा प्रचार केला. तीत ऑस्ट्रेलियातील सुकी द्राक्षे, जमेकातील रम, झांझिबारची लवंग व भारतातील मसाला वापरण्यास सांगितले होते. दुसऱ्या महायुद्धात व नंतर १९५४ पर्यंत शिधावाटप चालू असताना इंग्रज गृहिणींनी पुडिंगमध्ये किसलेली गाजरे घालून वेळ निभावली.

वसाहतींबरोबर हे भोजन इतर खंडांत गेले व तेथे बदलले. ऑस्ट्रेलियात डिसेंबर हा उन्हाळा असल्याने थंड मांस व कोळंबी खातात. कॅरिबियन बेटांत पुडिंगचे रूपांतर रममध्ये भिजविलेल्या फळांच्या काळ्या केकमध्ये झाले. फिलिपीन्समध्ये मध्यरात्रीच्या जेवणात तांदळाचे पदार्थ आले. ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प असलेल्या जपानमध्ये तर १९७४ साली केंटकी फ्राइड चिकन या साखळी-उपाहारगृहांनी केलेल्या जाहिरातीमुळे तळलेली कोंबडी हाच नाताळचा बेत बनला.

गोवा व महाराष्ट्र : पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले. तेथील धर्मसमीक्षण-न्यायालयाच्या काळात (१५६०–१८१२) आहार हे धर्मनिष्ठेचे गमक मानले गेले. १७३६ च्या हुकूमनाम्यात, हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजविण्यासही ख्रिस्ती घरांत मनाई करण्यात आली होती. या पार्श्वभूमीवर गोव्यातील नाताळचे ताट उद्‌बोधक ठरते. डुकराचे मांस व काळीज इत्यादी अवयव व्हिनेगर आणि मसाल्यात शिजवून केलेले सोरपोतेल हे मूळ पोर्तुगीज पदार्थाचे गोमंतकीय रूप असून ते मुरण्यासाठी काही दिवस आधी करून ठेवतात. त्याबरोबर तांदळाच्या पिठात माडाची सुर घालून आंबविलेल्या व वाफविलेल्या सान्नां खातात. नारळाचे दूध, अंड्यांचा बलक, साखर, मैदा व तूप यांचा एकावर एक थर भाजून बेबिंका तयार होते. प्रत्येक थराला वरून निखाऱ्यांची आच द्यावी लागते. गोड पदार्थांत मात्र देशी परंपरा ठळक आहे. नारळ, गूळ व तांदळाचे पीठ यांचे दोदोल, चण्याच्या डाळीचे दोस आणि नारळाच्या सारणाच्या नेवऱ्या नाताळात करतात. याच नेवऱ्या हिंदू घरांत गणेशचतुर्थीस होतात. हुकूमनाम्यांनी पोशाख व विधी बदलले, तरी सणाला कोणते गोड करावे, याविषयीची जुनी जाण स्वयंपाकघरातून पुसली गेली नाही.

पोर्तुगीज भाषेत पूर्वसंध्येच्या भोजनास ‘कोन्सोआदा’ म्हणतात. गोव्यात मात्र हा शब्द शेजाऱ्यांकडे पाठवावयाच्या मिठाईच्या तबकास लावतात. ते तबक हिंदू शेजाऱ्यांकडेही जाते आणि चतुर्थी व दिवाळीला त्यांच्याकडून फराळ येतो. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तेथे गोडधोड करीत नाहीत. त्यांना शेजारी पाठवितात.

वसई परिसर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेथील व मुंबई-साष्टीतील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज सत्ता संपल्यानंतरही आपली मराठी बोली व खाद्यपरंपरा राखून आहे. मैद्याचे आंबवून तळलेले फुगे, इंद्याल आणि उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला मसाला वापरून केलेली कालवणे, ही त्यांच्या नाताळची वैशिष्ट्ये. पश्चिम महाराष्ट्र व मराठवाडा येथील मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबांत करंज्या, चकल्या, शंकरपाळे व लाडू यांचा फराळ नाताळपूर्वी तयार होतो. त्यात केकची भर पडते. मिशनरी आले अमेरिका व इंग्लंडमधून. परंतु टर्की व पुडिंग या घरांत रुजले नाहीत, फराळच नाताळचा झाला.

मोठ्या कुटुंबांचे विभाजन व नोकरीमुळे झालेले स्थलांतर यांमुळे आता यांतील बरेच पदार्थ विकत आणले जातात. बेबिंका, दोदोल यांसारख्या वेळखाऊ पदार्थांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. मिठाई बाहेरून आणली, तरी तबक शेजारी पाठविण्याची चाल अनेक गावांत चालू आहे.