दहा मिनिटांचे पाणी

2025 च्या 18 मे रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. त्या वार्तेने मनात घर केले होते; म्हणून त्याच रस्त्याने अक्कलकोट ओलांडून दुधनीकडे जाताना लागणाऱ्या मैंदर्गीत नवी अग्निशामक गाडी दाखल होत असल्याचे कळताच मी तेथे गेलो.

हार, नारळ, चाकाखाली लिंबू, भाषणे हे सारे यथासांग पार पडले. कानडीत आपसांत बोलत पुढे आलेल्या वृद्ध स्त्रियांनी, ज्यांच्या दारी कडब्याच्या गंजी उभ्या असतात त्यांनी, गाडीच्या तांबड्या पत्र्याला पालखीच्या दांडीला लावावा तसा हात लावला, तेव्हा मात्र त्या समारंभाला त्याचा खरा अर्थ प्राप्त झाला.

ज्याला सारे अण्णा म्हणत तो प्रौढ फायरमन या वेळी गाडीच्या पाठीमागे, नव्या रबराच्या आणि डिझेलच्या वासात, प्रत्येक कपलिंगमधले वॉशर बोटाने चाचपून पाहत होता. मला पाहून तो म्हणाला, "टाकी साडेचार हजार लिटरची, साहेब. एक ब्रँच, म्हणजे पाण्याची एक तोटी, धरली तर दहा मिनिटं. त्याच्या पुढचं विचारा."

त्याच्या पुढचे मी विचारले. गाडीचे इंजिनच पंप फिरवते. टाकी रिती झाली की सक्शनचा जाड पाइप विहिरीत सोडून आतील हवा काढावी लागते, तेव्हा पाणी चढते, आणि एखादे वॉशर जरी सैल असले तरी हवा आत शिरून सारा खटाटोप व्यर्थ जातो. शिवाय पाणी सात-आठ मीटरांहून खोल गेले, तर कितीही बलवान पंप ते ओढून वर आणू शकत नाही, कारण त्याला वर ढकलणारा वातावरणाचा दाबच मर्यादित असतो. आता रब्बीची ज्वारी फाल्गुनाच्या सुमारास निघते, कडबा त्यानंतर रचला जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरी तळ गाठतात. ज्या कुरनूर धरणावर या गावाची तहान भागते त्याचा साठाही तेव्हाच खालावतो. म्हणजे आग सर्वांत समर्थ आणि पाणी सर्वांत दुर्बळ असा तो काळ, आणि हाताशी दहा मिनिटे.

भाषणांत गाडीची किंमत आली, ती चालवणाऱ्या माणसांची नावे आली नाहीत, याचे मला फार वाईट वाटले. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर, जेथे कापूस आणि स्फोटके एकत्र भरली होती, 14 एप्रिल 1944 रोजी जे 66 अग्निशामक कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळला जातो. परंतु हयात असलेल्यांसाठी धड बूट आणि कायम नेमणूक यांची तजवीज करणे हे त्या स्मरणाचेच अंग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारी चाचणी झाली. पोरे ओली होऊन नाचली, अण्णा मात्र मनगटावरील घड्याळाकडे पाहत उभा राहिला; धार तुटली तेव्हा त्याने इतकेच म्हटले, "दहा नाही भरली. नऊच." एका जोडातून पाणी झिरपत होते.

गाडीचे कागदपत्र दप्तरी दाखल झाले आहेतच. त्यांच्याशेजारी पाण्याच्या ठिकाणांची यादीही दाखल व्हावी आणि जलकुंभापाशी केवळ गाडी भरण्यासाठी रुंद तोंडाचा नळ बसावा, आणि हे उन्हाळ्यापूर्वी व्हावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती यादी अण्णाला तोंडपाठ आहे. वळचणीला बसून त्याने एकेक विहीर मालकाच्या नावासह मला सांगितली; मार्चनंतर सक्शनला पाणी लागेल अशा त्यांत चारच, आणि त्या चारांतील दोहोंपाशी गाडी वळवायला जागा नाही.