समिट्स ऑन द एअर
समिट्स ऑन द एअर (लघुरूप: सोटा) हा डोंगरमाथ्यावरून सुवाह्य हौशी रेडिओ केंद्र चालवण्याचा उपक्रम आहे. त्याची सुरुवात २ मार्च २००२ रोजी इंग्लंड व वेल्समध्ये झाली. माथ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा वाहनाविना पार करावा लागतो. इंधनावरील जनित्र चालत नाही, आणि गुण मिळण्यासाठी किमान चार वेगवेगळ्या केंद्रांशी संपर्क व्हावा लागतो. साहित्य वाहून न्यायचे असल्याने पुष्कळ जण लहान बॅटरीवरील सुमारे ५ वॅटचे यंत्र पसंत करतात.

ही शक्ती वाटते तितकी अपुरी नाही. १०० वॅटऐवजी ५ वॅट वापरल्यास संदेश १३ डेसिबलने क्षीण होतो. ग्राहकयंत्राच्या एस-मापकावर हा फरक जेमतेम दोन अंकांहून थोडा अधिक भरतो. मोर्स संकेत अरुंद पट्ट्यात मावत असल्याने तो गोंगाटातही ओळखता येतो. खरी मदार अँटेनावर असते. १४ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीची अँटेना सुमारे १० मीटर तारेची होते. ती बहुधा एकात एक सरकणाऱ्या मासेमारीच्या काठीवर उलट्या ‘व्ही’ आकारात ताणतात. कार्बन तंतूची काठी वीजवाहक असल्याने काचतंतूची बरी. तरीही उघड्या माथ्यावर विजेचा धोका असतोच. गडगडाट कानी येताच, चौथा संपर्क राहिला असला तरी, केंद्र बंद करून खाली उतरणे आवश्यक असते.