साधी गाठ, पण हृदयातली

(लेखांक ७)

"कॅन्सर नाही, साधी गाठ आहे." रिपोर्ट हातात पडला की हा निरोप पहिल्या तासात सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचतो, आणि घर मोकळा श्वास घेतं. पाठीवरची चरबीची गाठ असेल तर ते रास्तच आहे. लोक ती वीस-वीस वर्षं बाळगतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. पण गाठ हृदयात असेल तर 'साधी' हा शब्द अर्धाच खरा असतो. तिच्या पेशी साध्या असतात, तिची जागा साधी नसते.

अशा गाठी फार विरळ, हे आधीच सांगतो. दहा हजार शवविच्छेदनं केली तर हृदयातच उगम पावलेली गाठ साधारण दोघांत सापडते. अशा चारांपैकी तीन गाठी कॅन्सरच्या नसतात. मोठ्या माणसांत त्यातली नेहमी भेटणारी म्हणजे मिक्सोमा. तीस ते साठ या वयात ती जास्त आढळते, पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. बहुतेक वेळा ती डाव्या अलिंदात, दोन अलिंदांमधल्या पडद्याला देठानं लोंबत असते. बाहेर काढल्यावर कशी दिसते म्हणाल, तर उन्हाळ्यात आपल्याकडे रस्त्याकडेला विकायला येणारा सोललेला ताडगोळा आठवा. तशीच बुळबुळीत, थोडी पारदर्शक, मधेमधे रक्ताचे लाल डाग. हात लावला तर तुकडा सुटेल इतकी नाजूक.

समजा, करंजाड्यातल्या एका पंचेचाळिशीच्या बाईंना पनवेल स्टेशनचा जिना चढताना धाप लागू लागली आहे. आधी वाटतं, वजन वाढलंय, रक्त कमी असेल. मग बारीक ताप, घटतं वजन, वाढलेला ईएसआर. आपल्याकडे टीबीची शंका येणं अगदी स्वाभाविक. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तर वेगळा आवाज ऐकू येतो आणि संशय जातो द्विदल झडप अरुंद झाल्याचा. लहानपणच्या सांधेतापानं खराब झालेल्या झडपा आपल्या देशात इतक्या आहेत की हा अंदाज कुणीही बांधेल. मिक्सोमा हुबेहूब त्याच आजाराचं सोंग घेते, कारण लोंबणारी गाठ झडपेच्या तोंडाशी येऊन रक्ताची वाट अडवते.

एक खूण मात्र मी कधीच हलक्यानं घेणार नाही. बसल्यावर किंवा एका कुशीवर धाप, चक्कर येते आणि कूस बदलली, आडवं झालं की बरं वाटतं. झडप बसल्या जागी असते, गाठ मात्र हलते. पेशंटनं हे आपणहून सांगितलं पाहिजे, कारण दहा मिनिटांच्या तपासणीत ते विचारलं जाईलच असं नाही.

निवाडा करतो तो टूडी एको. डाव्या कुशीवर झोपवून, छातीला गार जेली लावून प्रोब टेकवला की पडद्यावर हृदय उघडतं, आणि प्रत्येक ठोक्याला गाठ झडपेतून खाली डोकावते, पुन्हा वर जाते. ज्यानं हे एकदा पाहिलं तो विसरत नाही. या तपासणीचं मूळ स्वीडनमध्ये आहे. १९५३ साली लुंड इथे हृदयतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी माल्मोच्या जहाजगोदीतून धातूतले दोष शोधायचं यंत्र मागून आणलं आणि त्यानं हृदयाच्या भिंतींचे प्रतिध्वनी टिपले. दुसऱ्याच वर्षी स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफुर्ड यांनी हार्ट-लंग मशीनच्या आधारानं मिक्सोमा यशस्वीपणे काढली. त्याआधी ही गाठ बहुधा मृत्यूनंतरच कळायची.

डाव्या अलिंदात दिसणारी प्रत्येक वस्तू गाठच असते असं नाही. रक्ताची गुठळीही तशीच दिसू शकते. शंका राहिली तर अन्ननलिकेतून केलेला एको किंवा हृदयाचा एमआरआय उपयोगी पडतो. चाळिशी उलटलेल्यांची ऑपरेशनआधी बहुधा अँजिओग्राफीही करतात.

मिक्सोमा विरघळवणारं औषध नाही. पथ्य, काढे, वाट पाहणं, कशाचाही उपयोग नाही. तुकडा सुटला तर तो मेंदूत जाऊन अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो, म्हणून निदान झाल्यावर ऑपरेशन लवकर उरकतात. हृदय थांबवेपर्यंत सर्जन त्याला फारसा हात लावत नाहीत. मग देठाभोवतीच्या पडद्याच्या तुकड्यासकट गाठ काढतात आणि पडलेलं भोक ठिगळ लावून बंद करतात. बहुतेक पेशंट यातून पूर्ण बरे होतात. काढलेली गाठ पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे. ती परत होण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन इतकंच, पण कमी वयात, एकाहून जास्त गाठी किंवा घरात आणखी कुणाला असेल तर ते बरंच वाढतं. अशा वेळी भावंडांचा आणि मुलांचाही एको करून घ्यावा. झडपेवरची फायब्रोइलास्टोमा किंवा चरबीची लायपोमा लहान आणि शांत असेल, तर मात्र काही वेळा नुसती नजर ठेवणं पुरतं. तो निर्णय हृदयतज्ज्ञांचा.

खर्चाच्या धास्तीनं कुणी थांबू नये. आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. तिच्या यादीत हृदयाच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा.

आणि एक विनंती. पन्नाशीच्या आतल्या कुणाला अर्धांगाचा झटका आला, तर डोक्याच्या स्कॅनबरोबर हृदयाचा एकोही झाला का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.