'रन' म्हणजे केवळ धावणे नव्हे

'रन' म्हणजे धावणे, एवढे आपण शाळेत शिकतो आणि पुढे तेवढ्यावरच भागवतो. मग भाषांतराच्या पेपरात वैनगंगा बालाघाटजवळून 'धावते' आणि घरातली साखर 'बाहेर धावते'! ऑक्सफर्डच्या कोशकारांनी या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजले आहेत. ते पाठ करण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. क्रियापदाबरोबर कोण आले आहे ते आधी पाहावे.

नदी किंवा नाक असेल तर वाहते. कापडाचा रंग असेल तर जातो. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत धावतो, आपला उभा राहतो. (इंग्लंडातलाही उभाच राहतो, ही आणखी गंमत.) गोंदियाची गाडी धावते खरी, पण भरवेलीची मँगनीजची खाण, बाजारातले दुकान, भिंतीवरचे घड्याळ ही सारी मराठीत चालतात. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुधा चालते. हिंदीतही 'चलना'च येते. तेव्हा घरी मराठी आणि वर्गात हिंदी बोलणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हे जड जाऊ नये.

'रन'च्या मागोमाग एखादे चिमुकले अव्यय आले की मात्र सावध व्हावे. 'रन आउट ऑफ' म्हणजे संपणे, 'रन इनटू' म्हणजे अवचित गाठ पडणे, 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणे. शेवटच्या दोहोंत गल्लत झाली तर रस्त्यात भेटलेला मित्र उत्तरपत्रिकेत प्राणास मुकतो!

उलट वाटेनेही जाऊन पाहावे. 'चहा चालेल का?' या साध्या प्रश्नात 'रन' कुठे बसवणार?